पंख्याखालची खुर्ची

मी अकोल्याला टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा मला विसावं चालू होतं. साठचं दशक नुकतंच सुरू झालेलं. घर अमरावतीला. आई देवळासमोर बसून हार-फुलं विकायची आणि वडील गावाबाहेरच्या अर्ध्या एकरात शेवंती, झेंडू अन् मोगरा लावायचे. आमच्या घरातून नोकरीला निघालेली मी पहिलीच बाई. मोटर स्टँडवर मला पोचवायला अकरा माणसं आली होती.

माझ्याच निवड यादीतून आणखी एक मुलगी माझ्यासोबत लागली. ती बाळापूरची. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. काही वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध झालेल्यांपैकी ते घर. ऑफिसात नव्या मुलींना नावानं कोणी हाक मारत नसे, गावानं मारत. मी अमरावतीवाली झाले, ती बाळापूरवाली.

आम्ही दोघींनी मिळून एक खोली घेतली. घरमालकीण निवृत्त नर्स होती. दिवेलागणीच्या आत घरी यायचं, एवढीच तिची अट. एक स्टोव्ह, दोन खाटा, भिंतीत एक कोनाडा. भाकरी ती करायची, कारण माझी फुगत नसे. भाजी माझ्याकडे. रविवारी ती बाळापूरला जाऊन यायची आणि येताना आईच्या हातचा ठेचा आणायची. पहिलं वर्षभर मला तिचा हेवा वाटल्याचं आठवत नाही. ती माझ्यापेक्षा हुशार आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते मनात कळणं वेगळं आणि पुढं रोज फळ्यावर वाचावं लागलं ते वेगळं.

काम असं होतं. कोणाला परगावी बोलायचं असलं की तो आधी कॉल नोंदवायचा. त्याची एक चिठ्ठी व्हायची, तिला आम्ही तिकीट म्हणायचो. कोण बोलणार, कुठल्या गावी, कोणाशी, एवढं त्यावर असायचं. ती तिकिटं आमच्यापुढं येत. आम्ही कानाला हेडफोन लावून त्या गावची लाइन मागायचो. मिळाली की समोरच्या बोर्डावर प्लग लावून दोन टोकं जोडून द्यायची. नाही मिळाली तर तिकिटावर वेळ लिहायची आणि थोड्या वेळानं पुन्हा बघायचं. मुंबई-नागपूरच्या लाइनी स्वच्छ होत्या. अंजनगाव सुर्जीसारख्या गावाला मात्र एकच लाइन, तीही अमरावतीवरून, आणि लागली तरी आवाज विहिरीतून आल्यासारखा. अशा वेळी बाळापूरवाली स्वतः मध्ये राहून इकडचं तिकडं सांगायची. "ते म्हणून राहिले का आजीले आता बरं हाय. हो, ताप उतरला म्हणते. तुमी जेवले का, इचारून राहिले." आम्हाला हसू यायचं. लोक मात्र तिला दुवा देत.

हॉलमध्ये नऊ खुर्च्या होत्या आणि दोन पंखे. त्यातला एक नुसता आवाज करायचा. दुसऱ्याच्या बरोबर खाली एकच खुर्ची येई. धूळ येते म्हणून खिडक्या कायम लावलेल्या, आणि अकोल्याचा उन्हाळा तर कोणाला सांगायला नको. हेडफोनखाली कान उकडून निघत. त्या खुर्चीचं आम्ही आमच्यातच ठरवून टाकलं होतं. रोज एक जण. मध्येच कोणाचं अंग दुखत असलं, कोणाला कणकण असली, तर पाळी सोडून तिला. आमच्यातली एक जण गरोदर होती. तिला सातवा लागला तशी आम्ही ती खुर्ची तिलाच देऊन टाकली. हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि आम्ही कोणाला विचारलंही नव्हतं.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी नवे सुपरवायझर साहेब आले. देशावरचे, चाळिशीतले, इस्त्रीच्या शर्टातले. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि म्हणाले, "तुमच्यात फार गुण आहेत, बायांनो. आजवर कोणी ते बाहेर काढले नाहीत." आम्हाला बरं वाटलं. पंधरा दिवसांनी दाराशी एक काळा फळा लागला. त्यावर नऊ जणींची नावं आणि पुढं प्रत्येकीनं त्या दिवशी पुरी केलेली तिकिटं, खडूनं लिहिलेली. महिन्याच्या शेवटी जी पहिली येईल तिला पुढचा महिनाभर पंख्याखालची खुर्ची.

जी गोष्ट आम्ही आपापसात वाटून घेत होतो तीच साहेबांनी उचलून बक्षीस म्हणून समोर टांगली. तेव्हा मला हे असं सांगता आलं नसतं. तेव्हा मला फक्त ती खुर्ची हवी होती.

पहिल्या महिन्यात बाळापूरवाली पहिली आली. मी दुसरी, अगदी थोडक्यात. साहेबांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. ती पुढं गेली आणि म्हणाली, "साहेब, मले तिथं नका बसवू. आमची एक बाई दोन जिवांची हाय, तिले तिथंच राहू द्या."

"बाई, बक्षीस असं देऊन टाकलं तर त्याला किंमत राहत नाही," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्यांनी मेहनत करावी, त्यांनाही मिळेल."

ती गरोदर बाई उठली, आपला पाण्याचा तांब्या उचलून कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. बाळापूरवाली पंख्याखाली बसली. त्या दिवसापासून तिच्याशी कोणी नीट बोलेना. मला त्या गरोदर बाईचं वाईट वाटलं म्हणून मी बोलत नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं बाळापूरवालीच्या कपाळावरचे केस उडताना दिसले की मला ती खुर्ची तिच्याखालून ओढावीशी वाटायची. मी प्लग लावायचे आणि नजर तिकडं जायची. ती वर बघून हसली तरी राग, नाही हसली तरी राग.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही दोघी एका यादीतल्या, एका खोलीत राहता. मग फरक का पडावा? जरा तिच्याकडे बघा, ती कसं करते ते." माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? माझी खरी आशा तुमच्यावरच आहे. हे कोणाला बोलू नका."

ते वाक्य मी कितीतरी दिवस जपून ठेवलं. पुढं बऱ्याच दिवसांनी त्या गरोदर बाईच्या तोंडून ऐकलं, "मलेबी तसंच म्हटलं होतं वं, माही खरी आशा तुमच्यावर हाय म्हणून." आम्ही विचारपूस केली तेव्हा नवांतल्या पाच जणींवर साहेबांची खरी आशा निघाली.

पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे बघायला लागले. नको इतकं. तिची भाकरी टम्म फुगायची, तेही मला खटकू लागलं. खाटेवर पडल्या पडल्या तिला झोप लागायची, त्याचाही राग. ऑफिसला सोबत जायचं मी बंद केलं. काहीतरी निमित्त काढून पुढं निघायचे. तिच्याकडे एक लहान वही होती, कामावर नेहमी जवळ ठेवायची. एका रविवारी ती बाळापूरला गेली असताना मी ती कोनाड्यातून काढून वाचली. मला वाटलं, झटपट लाइन मिळवायची काहीतरी युक्ती त्यात असेल. त्यात लिहिलं होतं: मूर्तिजापूरच्या बाईंना मुलगा झाला, विचारायचं. अंजनगावला दुपारी जेवणाची सुट्टी एक ते दोन. दर्यापूरच्या अडत दुकानात मोठ्यानं बोलावं, म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं. पानं अशाच गोष्टींनी भरलेली. उचलावी अशी एकही युक्ती नव्हती. इतर गावांच्या ऑपरेटर बाया तिला लाइन आधी का देतात ते मला त्या दिवशी कळलं. वही जागेवर ठेवताना मला लाज वाटली नाही, राग आला.

मग मी माझी युक्ती काढली. साहेब तिकिटं मोजत होते. अंजनगावचं एक तिकीट अर्धा तास खायचं, तेवढ्यात नागपूरची चार व्हायची. फळ्यावर दोन्हींची किंमत सारखीच. मी सोपी तिकिटं वर घेऊ लागले आणि अवघड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवू लागले. पाळी संपताना उरलेली दुसऱ्यांच्या गठ्ठ्यात जात. बाळापूरवाली तक्रार न करता ती पुरी करत बसायची. तिचा आकडा खाली आला, माझा वर गेला. दुसऱ्या महिन्यात पंख्याखाली मी बसले.

पहिल्या दिवशी फार छान वाटलं. टाळ्या वाजल्या, साहेब म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." बाळापूरवालीनंही टाळ्या वाजवल्या. खोलीवर आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, मले त्या हवेनं डोकं दुखायचं." मला वाटलं, ही माझी कीव करते आहे. बक्षीस मिळाल्यावरसुद्धा तिचा हेवा वाटायचा थांबला नाही, उलट वाढला.

माझं बघून बाकीच्याही तसंच करू लागल्या. खेड्यापाड्यांची तिकिटं साचायला लागली. फळ्यावरचे आकडे मात्र चढतच होते आणि साहेब खूश होते.

एक दिवस अकराच्या सुमाराला माझ्यापुढं अंजनगाव सुर्जीचं तिकीट आलं. कापड दुकानातल्या एका कारकुनानं नोंदवलेलं. मी एकदा प्रयत्न केला, लाइन गुंतलेली होती, तिकिटावर वेळ लिहिली. पुन्हा प्रयत्न करायला हवा होता. केला नाही. बाळापूरवाली पाणी प्यायला उठली तेव्हा मी ते तिकीट तिच्या गठ्ठ्यात खाली सरकवलं. तिच्या हाताला ते लागलं दुपारी, आणि लाइन मिळाली साडेचारला.

दुसऱ्या दिवशी तो कारकून ऑफिसात आला. आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं. तो टोपी हातात घेऊन साहेबांच्या टेबलाशी उभा राहिला. त्याच्या अंजनगावच्या भावाची पोरगी त्या दिवशी अकोल्याला दाखवायला आणायची होती. मुलाकडच्यांनी सकाळीच कळवलं की आज जमत नाही. म्हणून यानं भावाला निघू नका सांगायला कॉल नोंदवला होता, भावाच्या शेजारी अडत्याकडे फोन होता. कॉल लागला तोवर ते सगळे निघून गेले होते. नवं लुगडं नेसवून आणलेली पोरगी काकाच्या घरी आली, आणि पाहायला कोणीच आलं नाही. "गावात सगळ्याइले सांगून निघाली होती ते," तो म्हणाला. "आता वापस जाले तयार नाई. रडून राहिली, साहेब."

साहेबांनी तिकीट काढलं. शेवटची सही बाळापूरवालीची. त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "पहिल्या महिन्यात तुम्ही पहिल्या आलात. नंतर घसरलात, आणि आता हे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. अमरावतीवाल्या बाईंकडे बघा जरा."

तिनं तिकीट हातात घेऊन पाहिलं. वरची अकराची वेळ माझ्या अक्षरात होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हेडफोन नीट केला आणि समोरच्या बोर्डाकडे बघत राहिले. ती त्या कारकुनाला म्हणाली, "भाऊ, चूक झाली आमची," आणि जागेवर जाऊन बसली. आमची म्हणाली ती.

संध्याकाळी मी खोलीवर आले तेव्हा ती आधीच आली होती. स्टोव्ह पेटवला नव्हता.

"ते तिकीट तुयाजवळ होतं," ती म्हणाली. "काहून नाई बोलली?"

मी म्हटलं, माझ्या लक्षात नव्हतं.

"अक्षर वळखतो मी तुयं. मले बोलणे बसले त्याचं काही नाई. पण तू बोर्डाकडे पाहून राहिली होती."

उत्तर नसलं की माणूस जे तोंडात येईल ते बोलतो, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. जे बोलले ते माझ्या मनात दोन महिने तयार होत होतं. मी म्हटलं, "तुले काय फरक पडते? तुले तं नोकरी सवलतीत भेटली. मले मेहनत करा लागते."

तिनं आवाज चढवला नाही.

"केंद्राच्या नोकरीत आमाले सवलत नाई," ती म्हणाली. "धर्म बदलला तवाच गेली ते. बाबाले माहीत होतं, तरी बदलला. मी तुयासोबत त्याच यादीत आली. तुया वरती नाव होतं माहं. तू वाचलं होतं."

खरंच वाचलं होतं. यादी लागली तेव्हा माझ्या नावाच्या वर दोन ओळी एक नाव होतं, ते पुढं तिचं निघालं. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. पण मनात पहिली गोष्ट आली ती ही, की यादीतही ती वरच होती.

आठवड्यात तिनं खोली सोडली. तिच्या वडिलांच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे राहायला गेली. तवा तिचा होता, तो घेऊन गेली. मी बरेच दिवस बाजारातून पाव आणून खाल्ले.

जाण्याआधी ती साहेबांकडेही गेली होती. दार उघडं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं माझं नाव घेईल. घेतलं नाही. म्हणाली, "साहेब, तुमी तिकिटं मोजता. कोणाचं बोलणं झालं का नाई, ते फळ्यावर दिसत नाई. आमी पहिले एकमेकीची अवघड तिकिटं आपल्याकडे ओढून घेत होतो, आता ढकलून राहिलो. तो फळा काढून टाका."

साहेब दुखावले. "मी हे सगळं तुमच्या भल्यासाठी करतो आहे," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांचा त्यावर विश्वासही होता. फळा निघाला नाही. पावसाळ्यानंतर वरचे अधिकारी पाहणीला आले, त्यांनी आकडे पाहून साहेबांची पाठ थोपटली, आणि थोड्याच दिवसांत साहेब बढतीवर मोठ्या गावी गेले. त्यांच्या जागी आलेल्यांना फळ्याचं काही पडलं नव्हतं. त्यावर मग कोणाला कधी सुट्टी आहे ते लिहू लागले. गरोदर बाई बाळंत होऊन परत आली. खुर्चीची पाळी पुन्हा सुरू करू, असं एक-दोघींनी म्हटलं, पण कोणाची पाळी आधी यावरूनच भांडण झालं. आमच्यातलं ते जुनं काही परत आलं नाही.

तीन वर्षांनी आम्ही दोघी सुपरवायझरच्या परीक्षेला बसलो. ती पास झाली. मी नाही. तिला पोस्टिंग मिळालं ते नेमकं अमरावतीला. ज्या गावाला बदली मिळावी म्हणून मी दर वर्षी अर्ज करत होते, तिथं ती साहेब होऊन गेली. मी सुट्टीत घरी गेले तर आई सांगायला लागली, "एक बाई येते ऑफिसातली, दर पौर्णिमेले पांढरी फुलं नेते. लय गुणाची पोरगी. तुयी चौकशी करते." मी आईला म्हटलं, तिला ताजी फुलं कशाला, उरलेली देत जा. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

शेवटी माझी बदली झाली, तिच्याच हाताखाली. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, आता ही उट्टं काढेल. तिनं मला इतरांसारखंच काम दिलं. ऑफिसात मला तुम्ही म्हणायची. रोज सकाळी तासभर ती स्वतः बोर्डावर बसायची, आणि खेड्यांची तिकिटं आधी आपल्यापुढं ओढायची. कोणाला बोलायचं असलं तर केबिनमध्ये दार लावून बोलायची, आणि बाहेर येताना त्या बाईचा चेहरा पडलेला नसायचा. पाळ्या कशा लावायच्या ते आम्हीच ठरवत होतो. तिथं काम चांगलं चालायचं. मला ते बघवत नसे. ती चुकावी म्हणून मी वाट बघायचे, आणि ती कधीतरी चुकायचीही, पण चुकली तर आपणच म्हणायची, "हे माहं चुकलं," आणि माझी वाट बघणं फुकट जायचं.

एकदा दुपारच्या चहाला आम्ही दोघीच होतो. मी बरेच दिवस धीर गोळा करत होते. मी म्हटलं, "अकोल्याच्या त्या तिकिटाचं... मी साहेबांना सांगायला पाहिजे होतं तेव्हाच."

तिनं कप खाली ठेवला. पहिल्यांदाच ती मला पुन्हा तू म्हणाली. "तिकिटाचं मी कवाच सोडलं. दुसरं बोलली होती तू, ते नाई सोडलं."

मी म्हटलं, "मला माफ कर."

"पाहू," ती म्हणाली. तेवढ्यात हॉलमधून कोणीतरी तिला हाक मारली आणि ती उठून गेली.

पुढं चार वर्षं आम्ही एकत्र काम केलं. तिनं मला कधी कमी लेखलं नाही, कधी जवळही केलं नाही. तिच्या लग्नाला ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर मीही गेले. हार आईनं केला होता, मोगऱ्याचा, आणि त्याचं कौतुक तिच्या सासरच्या माणसांनी किती केलं ते आई कितीतरी दिवस सांगत होती. त्या चहाच्या वेळी ती मला ‘ते नाई सोडलं’ म्हणाली, तसं मनातलं तोंडावर, शांतपणे मी तिला सांगू शकले नसते. तेवढ्याचाही मला हेवा वाटतो, अजूनही.